मातीचे अभ्यंगस्नान

आपल्या भाषेने मातीवर मोठा अन्याय केला आहे. कामाचा विचका झाला की आपण ‘माती झाली’ म्हणतो. हातून नको ते घडले की ‘माती खाल्ली’ म्हणतो. आणि एखादी वस्तू कवडीच्या भावाने गेली की ती ‘मातीमोल’ होते. इतके बोलूनही मातीवाचून आपले भागत नाही. पहिला दाणा तिच्यातून येतो आणि शेवटचा मुक्कामही तिच्यातच. आपल्या शेतकऱ्याने हे कधी विसरल्याचे मला आठवत नाही. मातीच्या एका गुणावर त्याचा पिढ्यान् पिढ्यांचा भरवसा आहे. तो गुण म्हणजे पचनशक्ती. शेण, पालापाचोळा, राख, मेलेले जनावर, काय वाटेल ते पुरा. दोन पावसाळे गेले की त्याचे खत झालेले असते.

विसाव्या शतकात मात्र माणसाने असे पदार्थ बनविले की जे मातीला पचेनात. आणि जुन्या सवयीने तेही त्याने मातीतच पुरले. माती मुकाट्याने ते पोटात घेऊन बसली. पुढे ते विष विहिरीत, माशात, दुधात उतरू लागले, तेव्हा प्रश्न पडला की आता ते बाहेर कसे काढायचे? माती भट्टीत घालून जाळता येते. विष जळते, पण मागे उरते ती वीटभट्टीची राख, माती नव्हे. पाण्याने धुवावी, तर ही विषे तेलकट जातीची. पाण्याला दाद देत नाहीत. फराळाची तळणी झाल्यावर नुसत्या पाण्याने कढई निघत नाही, हे घरोघरच्या गृहिणींना सांगायला नको.

या प्रश्नाचे एक उत्तर ज्या विद्येतून निघाले, ती विद्या या प्रश्नाहून दीडशे वर्षांनी वडील आहे. तिची कथा मोठी नागमोडी वाटेने जाते. तिच्यात बंदुकीची नळी आहे, एक शाळामास्तर आहे, कॉफीचा पेला आहे आणि एका डॉलरला घेतलेली शाळेची जागाही आहे.

*

१८२२ सालची गोष्ट. पॅरिसमध्ये शार्ल कान्यार द ला तूर नावाचे एक उमराव राहात. त्यांना नाद होता आवाजाचा. गिरणीचा भोंगा ज्या यंत्राचा वंशज, ते ‘सायरन’ नावाचे यंत्र त्यांनीच १८१९ मध्ये तयार केले. दुसरा नाद पापँच्या भांड्याचा. हे भांडे म्हणजे आपल्या प्रेशर कुकरचे पणजोबा. घट्ट झाकणाचे, आत वाफ कोंडणारे. द्रव पदार्थ असा कोंडून तापवीत नेला तर शेवटी त्याचे होते काय, हे कान्यारना पाहायचे होते. पण लोखंडी भांड्याच्या आत पाहणार कसे? तेव्हा त्यांनी डोळ्यांचे काम कानांवर सोपविले. बंदुकीच्या नळीत मद्यार्क भरला, सोबत गारगोटीची एक गोळी टाकली, नळीचे तोंड बंद केले, आणि ती तापवीत असताना इकडून तिकडे कलती करून आतला आवाज ऐकत राहिले. आत द्रव आहे तोवर गोळी त्यातून घरंगळताना एक विशिष्ट आवाज होई. उष्णता एका मर्यादेपलीकडे गेली की तो आवाज एकाएकी बदले. आत द्रव उरलेलाच नसे. बरे, वाफ म्हणावी तर तीही नेहमीच्या वाफेसारखी विरळ नव्हे. कारण जागा तेवढीच, कोंडलेले वजनही तेवढेच.

गोटीची सोडावॉटरची बाटली ज्यांनी हातात धरून हलविली असेल, त्यांना हा प्रयोग समजायला अडचण पडू नये.

नंतर कान्यारनी जाड काचेच्या नळ्या घेतल्या आणि डोळ्यांनी पाहिले. इथर, मद्यार्क, सगळ्यांची तीच तऱ्हा. पाण्याने मात्र घोटाळा केला. त्याला फारच उष्णता लागे, आणि तितके तापलेले पाणी चक्क काच खाऊ लागे. हे काच खाणारे पाणी वाचकांनी लक्षात ठेवावे. ते आपल्याला पुढे पुन्हा भेटणार आहे.

या अवस्थेला नाव काय द्यावे हे कितीतरी वर्षे कोणाला उमगेना. ते द्यायचे काम बेलफास्टच्या थॉमस अँड्र्यूज यांच्याकडे आले. हे गृहस्थ शिक्षणाने डॉक्टर, वृत्तीने रसायनशास्त्रज्ञ. त्यांनी कर्बद्विप्राणिल वायू घेतला, म्हणजे आपल्या सोडावॉटरमधला कार्बन डायॉक्साइड. केसासारख्या बारीक छिद्राच्या काचनळीत तो कोंडला, खाली पारा, आणि पाऱ्यावर स्क्रूने दाब. नळीभोवतीच्या पाण्याची उष्णता हवी तशी कमीजास्त करता येई. थंडीत दाब वाढविला की वायूचा द्रव होई, आणि द्रव व वायू यांच्यामधली रेघ स्पष्ट दिसे. उष्णता ३१ अंश सेल्सियसच्या जवळ आली की ती रेघ पुसट होई, लहरत राही आणि नाहीशी होई. ३१ अंशांच्या वर मग कितीही दाबा, द्रव म्हणून वेगळा दिसतच नाही. १८६९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे व्याख्यान देताना अँड्र्यूजनी या बिंदूला जे नाव दिले, त्याला मराठीत ‘क्रांतिक बिंदू’ म्हणतात. कार्बन डायॉक्साइडच्या बाबतीत तो ३१ अंश उष्णता आणि वातावरणाच्या सुमारे ७३ पट दाब असा आहे. बेलफास्टच्या थंडीत ३१ अंश म्हणजे चैन होती. आपल्याकडे चैत्र-वैशाखातली कोणतीही दुपार त्याहून वरचढ असते.

द्रव आणि वायू या दोहोंना मिळून मराठी परिभाषेत एक सुरेख शब्द आहे: ‘द्रायू’. द्रवातला ‘द्र’ आणि वायूतला ‘आयू’. क्रांतिक बिंदूच्या पलीकडे गेलेल्या पदार्थाला हा शब्द जणू मापे घेऊन शिवला आहे, कारण तेथे ही दोन घराणी खरोखरच एक होतात. त्या अवस्थेतल्या पदार्थाला ‘अतिक्रांतिक द्रायू’ म्हणावयाचे. वजनाने तो द्रवाच्या जवळचा, आणि म्हणून दुसऱ्या पदार्थांना विरघळवू शकणारा. चपळाईने वायूच्या जवळचा, आणि म्हणून बारीकसारीक छिद्रांतून शिरू शकणारा. थेंब धरून ठेवणारा पृष्ठताण त्याला नसतोच.

हे असे का होते, याचा हिशेब मांडला तो एका शाळामास्तराने, हे सांगताना माझ्यासारख्या मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या मास्तराला थोडा अभिमान वाटला तर वाचकांनी रागावू नये. योहानेस व्हान डेर वाल्स हा लायडनच्या एका सुताराचा मुलगा. आधी प्राथमिक शाळेत शिक्षक, मग माध्यमिक शाळेत. लॅटिन आणि ग्रीक शिकलेला नसल्यामुळे विद्यापीठाच्या परीक्षांची दारे त्याला बंद होती. पुढे नियम सैल झाला, आणि १८७३ मध्ये, छत्तिसाव्या वर्षी, त्याने प्रबंध लिहिला. विषय हाच, वायू आणि द्रव यांची सलगता. रेणूंना स्वतःचे आकारमान असते आणि ते एकमेकांना ओढतात, एवढ्या दोन गोष्टी ध्यानी घेतल्या की अँड्र्यूजची ती नाहीशी होणारी रेघ गणितातून आपोआप निघते, हे त्याने दाखविले. १९१० मध्ये त्याला नोबेल पारितोषिक मिळाले.

*

अजूनपर्यंत हा द्रायू काही विरघळवतो की नाही, हे कोणी विचारले नव्हते. १८७९ मध्ये ग्लासगोच्या हॅने आणि होगार्थ या दोघांनी विचारले. मद्यार्कात क्षार विरघळवून त्यांनी तो क्रांतिक बिंदूपलीकडे तापविला. द्रव नाहीसा झाला की बिचारा क्षार निराधार होऊन खाली पडणार, अशीच कोणाचीही अपेक्षा असणार. तो पडला नाही. वायूसारख्या दिसणाऱ्या त्या पदार्थात तो सुखाने विरघळलेला राहिला. मग त्यांनी दाब कमी केला, आणि नळीत बर्फ भुरभुरावे तसा क्षार खाली उतरला. दाब वाढविला, पुन्हा विरघळला.

आमच्या सगळ्या कथेची किल्ली या चार ओळींत आहे. साखर पाण्यात विरघळली की परत मिळविण्यासाठी पाणी आटवावे लागते; त्याला जळण लागते, वेळ लागतो. येथे नुसती तोटी सैल करायची. दाब गेला की विरघळविण्याची शक्ती गेली. द्रायू वायू होऊन निघून जातो, आणि त्याने जे काही उचलून आणले असेल ते भांड्याच्या तळाशी आयते पडते.

पण या किल्लीने कुठले कुलूप उघडायचे, हे त्या काळी ठाऊक नव्हते. हॅनेसाहेब लवकरच कृत्रिम हिरे करण्याच्या मागे लागले. त्यांच्या बहुतेक लोखंडी नळ्या फुटल्या, आणि उरलेल्यांतून निघालेल्या खड्यांबद्दलचा वाद त्यांच्या मागे कितीतरी वर्षे चालू राहिला. किल्ली तशीच खुंटीला टांगलेली राहिली.

ती खाली काढली कॉफीने. कॉफीतला जो अंश झोप उडवतो तो काढून टाकून उरलेली चव ठेवावी, ही युरोपातल्या व्यापाऱ्यांची जुनी इच्छा. विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रेमेनच्या लुडविग रोझेलियस यांनी ते साधले, पण बेंझीन वापरून. बेंझीनने रक्ताचा कर्करोग होतो हे आज जगजाहीर आहे. तेव्हा ते लोकांच्या पेल्याच्या इतक्या जवळ जाऊन आले होते. पुढे, १९६० नंतर, जर्मनीतल्या म्यूलहाइम येथील माक्स प्लांक संस्थेत कुर्ट झोझेल हे कोंडलेल्या एथिलीन वायूवर काम करीत असता, काही पदार्थ त्या वायूत विरघळून जातात आणि दाब उतरताच खाली पडतात, असे त्यांच्या ध्यानी आले. ग्लासगोचा तो जुना बर्फ पुन्हा पडला. झोझेलनी एथिलीनच्या जागी कार्बन डायॉक्साइड घेतला, आणि कॉफीच्या ओलसर हिरव्या बिया त्यात ठेवल्या. द्रायू बियांच्या पोटात शिरला, कॅफीन घेऊन बाहेर आला. बियांत मागे कुठल्याही विषारी द्रवाचा लवलेश नाही. १९७० च्या दशकाच्या अखेरीस ब्रेमेनमध्ये याचा कारखाना निघाला. मग बीअरला लागणारे हॉप्स आले, मसाल्यांचे अर्क आले, अत्तराची द्रव्ये आली. आपल्या पवईच्या आयआयटीतल्या प्राध्यापिका ममता मुखोपाध्याय यांनी याच विषयावर, अतिक्रांतिक कार्बन डायॉक्साइडने काढायच्या नैसर्गिक अर्कांवर, लिहिलेला इंग्रजी ग्रंथ २००० साली परदेशात प्रसिद्ध झाला.

बी फोडायची नाही, जाळायची नाही, तिची चव बिघडवायची नाही. नेमके नको तेवढे तिच्यातून काढून घ्यायचे. जे बीला जमते ते मातीच्या कणाला का जमू नये? हा प्रश्न विचारायला मात्र आधी माती बिघडावी लागली.

*

ती कशी बिघडली याच्या हकिकती पुष्कळ आहेत, दोनच सांगतो.

पहिली अमेरिकेतली, नायगारा धबधब्याच्या गावची. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी विल्यम लव्ह नावाच्या माणसाने तेथे एक आदर्श नगर वसविण्याचे स्वप्न पाहिले. त्यासाठी कालवा खणायला घेतला, पैसे संपले, आणि अर्धवट खणलेला चर तसाच राहिला. त्याला लोक लव्हचा कालवा म्हणत. १९४२ पासून सुमारे दहा वर्षे हूकर नावाच्या रासायनिक कंपनीने त्यात आपल्या कारखान्याचा गाळसाळ पिंपांतून आणून टाकला. सगळा मिळून वीस हजार टनांहून अधिक. त्यात बेंझीन होते, कीटकनाशके होती, आणि डायॉक्सिन हे जालीम विषही होते. मग वर माती ओढली. १९५३ साली ती जमीन कंपनीने गावच्या शाळामंडळाला विकली. किंमत एक डॉलर. खाली काय पुरले आहे याचा उल्लेख खरेदीखतात होता, आणि पुढेमागे कोणाला इजा झाल्यास कंपनी जबाबदार नाही, असेही होते. शाळामंडळाने तेथे शाळा बांधली. भोवती घरे उठली.

शाळेला जागा मिळविणे काय असते हे मास्तरांना ठाऊक असते. एका डॉलरला मिळालेली जागा पाहून शाळामंडळाला किती हायसे वाटले असेल, याची मी कल्पना करू शकतो. आणि म्हणूनच ही हकिकत मला अधिक बोचते. त्या मैदानावर मुले वीस-बावीस वर्षे खेळली. मग पावसाळ्यात तळघरांत काळे, उग्र पाणी झिरपू लागले, पिंपे वर डोकावू लागली. लोइस गिब्ज या तिथल्या एका गृहिणीचा मुलगा त्या शाळेत जाई आणि सारखा आजारी पडे. तिने घरोघर जाऊन शेजाऱ्यापाजाऱ्यांना उठविले. ऑगस्ट १९७८ मध्ये आधी राज्याने आणि मग राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी तेथे आणीबाणी जाहीर केली. शेकडो कुटुंबे घर सोडून गेली. १९८० च्या डिसेंबरात अमेरिकेने कायदाच केला, की ज्याने जमीन नासविली त्याने ती साफ करून द्यावी. त्या कायद्याला बोलण्यात ‘सुपरफंड’ म्हणतात.

दुसरी हकिकत न्यू बेडफर्ड बंदराची. मेल्व्हिलच्या ‘मोबी डिक’ कादंबरीतला नायक देवमाशांच्या शिकारीला निघताना ज्या गावात येऊन थांबतो, तेच हे गाव. एके काळी या बंदरातून निघालेल्या देवमाशाच्या तेलावर अर्ध्या जगाचे दिवे जळत. पुढे ती शिकार संपली, आणि गावात विजेच्या उपकरणांना लागणारे कपॅसिटर बनविणारे कारखाने आले. १९४० च्या दशकापासून तीसएक वर्षे त्यांतून पीसीबी नावाचे एक तेलकट द्रव्य बंदराच्या पाण्यात जात राहिले. हे द्रव्य पेट घेत नाही, सडत नाही, वीज वाहू देत नाही. कारखानदाराच्या दृष्टीने यासारखा गुणी पदार्थ नाही. मातीच्या दृष्टीने हेच गुण म्हणजे अवगुण. जे सडत नाही ते पचणार कसे?

पीसीबी जिवंत प्राण्यांत शिरले आहे हे उघडकीला आले ते योगायोगाने. स्वीडनचे सोरेन येन्सन हे प्राण्यांच्या अंगात डीडीटी किती आहे ते शोधीत होते. आपल्याकडेही १९५३ मध्ये हिवतापाविरुद्ध मोहीम निघाल्यावर पाठीला पंप बांधलेली माणसे घरोघर डीडीटी फवारीत येत, त्याच्या आठवणी जुन्या माणसांच्या तोंडी असत. येन्सन यांना डीडीटीबरोबर आणखी काही अनोळखी खुणा दिसू लागल्या. १९६६ मध्ये त्यांनी जाहीर केले की हे पीसीबी आहे. ते माशांत होते, गरुडात होते, आणि त्यांच्या स्वतःच्या तान्ह्या मुलीच्या केसांतही होते. न्यू बेडफर्डच्या बंदरात तर गाळातले त्याचे प्रमाण काही जागी दहा भागांत एक भाग इतके भरले. १९७९ मध्ये बंदरातल्या मासेमारीवर बंधने आली. दिव्यांच्या तेलाचे गाव आपल्याच दारचा मासा खाऊ शकेना.

*

आता ती खुंटीवरची किल्ली या कुलुपाला लागते का, हे पाहण्याची वेळ आली. लुइझियाना राज्याच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी १९८७ मध्ये आपले प्रयोग प्रसिद्ध केले. पीसीबी, डीडीटी आणि टॉक्साफीन यांनी बिघडलेली माती त्यांनी एका पोलादी नळकांड्यात घातली, आणि ४० अंश उष्णता व शंभर वातावरणांचा दाब ठेवून तिच्यातून कार्बन डायॉक्साइड सोडला. दहा मिनिटांत वरच्या थरातल्या मातीतले सुमारे ७० टक्के डीडीटी निघून आले. खालच्या थरातली, कमी कसाची माती तर आणखी लवकर साफ झाली. ४० अंश म्हणजे आपल्या स्नानाच्या कढत पाण्याइतकेच. माती भाजली नाही, तिची राख झाली नाही.

मला तर हे मातीचे अभ्यंगस्नानच वाटते. दिवाळीच्या पहाटे आई आधी तेल चोळते ते उगाच नव्हे. अंगावरचा तेलकट मळ पाण्याने हलत नाही, तो तेलाने सैल होतो, आणि मग उटणे त्याला घेऊन जाते. तेलकटाची मैत्री तेलकटाशी. दाबलेल्या कार्बन डायॉक्साइडचा स्वभावही असाच तेलकटांशी जमणारा आहे. पीसीबीला तो उचलतो, डीडीटीला उचलतो. ज्या विषांचा ओढा पाण्याकडे असतो त्यांच्यासाठी त्याच्यात थोडा मद्यार्क मिसळावा लागतो. तो मातीच्या बारीक छिद्रांत शिरतो, मळ घेऊन निघतो, आणि बाहेर येताच वायू होऊन उडतो. तळाशी उरते ते घट्ट, काळपट विष. टनभर मातीत पसरलेले संकट लोटाभर होते.

न्यू बेडफर्डच्या गाळावर याच जातीचा एक प्रयोग १९८८ मध्ये खुद्द बंदराच्या काठी झाला. तेथे कार्बन डायॉक्साइडऐवजी दाबून द्रव केलेला प्रोपेन आणि ब्युटेन वापरला. म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातल्या सिलिंडरमध्ये असतो तोच ऐवज. तो क्रांतिक बिंदूच्या पलीकडे नव्हता, अलीकडे पण उंबऱ्याशी होता. तत्त्व तेच. गाडीवर बसविलेल्या त्या यंत्रातून गाळ पुनःपुन्हा फिरविल्यावर त्यातले सुमारे ९० टक्के पीसीबी निघाले. अडचणीही निघाल्या. फेस होई, गाळाचे कण यंत्रात अडकून राहात आणि पुढच्या घाण्यात मिसळत. पण यंत्र चालते, हे सिद्ध झाले.

आणि तरी बंदर त्या यंत्राने साफ झाले नाही.

कारणे समजायला कठीण नाहीत. शंभर वातावरणांचा दाब सोसणारे भांडे म्हणजे जाडजूड पोलाद. ते उघडायचे, भरायचे, बंद करायचे, आणि बंदराचा गाळ तर डोंगराएवढा. कॉफीच्या एका पोत्याची किंमत हा खर्च पेलते. मातीच्या पोत्याला किंमतच नाही. येथे आपला तो ‘मातीमोल’ शब्द अक्षरशः खरा होतो. शिवाय चिकणमाती आपले विष घट्ट धरून ठेवते. ओली माती वायूला आडवी येते. आणि विष जितके जुने तितके ते कणाच्या आत खोल जाऊन बसलेले. प्रयोगशाळेत काल मिसळलेले डीडीटी दहा मिनिटांत निघते. तीस वर्षे मुरलेले त्याला इतक्या सहजी सोडत नाही. मग न्यू बेडफर्डकरांनी केले काय? गाळ उपसला, त्यातले पाणी काढले, आणि बराचसा गाळ दूरच्या दुसऱ्या राज्यात, खास बांधलेल्या खड्ड्यात नेऊन टाकला. काही गाळ बंदराच्याच तळाशी खड्डा करून त्यात झाकून ठेवला. २०१२ मध्ये एका कारखान्याच्या वारसदार कंपनीने या कामासाठी ३६ कोटी डॉलरांहून अधिक रक्कम द्यायचे कबूल केले. लव्हच्या कालव्यातले विष तर बहुतांशी तेथेच आहे, चिकणमातीच्या आणि प्लास्टिकच्या झाकणाखाली, कुंपणाच्या आत.

मग ही विद्या वाया गेली म्हणायची काय? तसे मुळीच नाही. विष काढण्याआधी ते किती आहे हे मोजावे लागते, आणि मोजण्यासाठीही ते मातीतून काढावेच लागते. जुन्या रीतीने, १८७९ मध्ये सॉक्सलेट यांनी काढलेल्या काचयंत्रात, चिमूटभर मातीवर वाटी-दोन वाट्या विषारी द्रावक रात्रभर खेळवावे लागे. म्हणजे विष मोजताना आणखी विष सांडायचे. अतिक्रांतिक कार्बन डायॉक्साइडने हे काम तासाभरात होऊ लागले, आणि १९९० च्या दशकात अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने आपल्या अधिकृत पद्धतींत त्याला जागा दिली. मोठ्या कामासाठी खर्चिक ठरलेले यंत्र चिमटीएवढ्या कामाला उत्तम ठरले.

आणि ते काच खाणारे पाणी? तेही परत आले. ३७४ अंशांवर आणि २१८ वातावरणांच्या दाबाखाली पाण्याचा क्रांतिक बिंदू आहे. त्याच्या जवळ जाता जाता पाणी आपला स्वभाव बदलते आणि तेलकटांशी सलगी करू लागते. नॉर्थ डकोटाच्या स्टीव्हन हॉथॉर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये दाखविले की दाबाखाली अडीचशे-तीनशे अंशांपर्यंत तापविलेले साधे पाणी मातीतले पीसीबी आणि डांबरातली विषे धुऊन काढते. कान्यारना ज्याने छळले, त्याच्यातच ही शक्ती होती. ती ओळखायला एकशे बहात्तर वर्षे लागली.

*

एक गोष्ट मात्र यातली कोणतीच युक्ती करीत नाही. ती विषाला मातीपासून वेगळे करते, त्याचा नाश करीत नाही. लोट्यातले ते काळे विष कोणीतरी, कुठेतरी, जपून जाळावे लागते किंवा फोडावे लागते. पण डोंगराएवढी माती जाळणे निराळे आणि लोटाभर विष जाळणे निराळे. या दोहोंमधले अंतर म्हणजेच या विद्येचे मोल. माती माती राहते, आणि उद्या तिच्यात पुन्हा काही पेरता येते. एका गावचे विष दुसऱ्या गावच्या खड्ड्यात नेऊन टाकण्याने यातले काहीच साधत नाही; फक्त पत्ता बदलतो. आजवर जगात बहुतेक ठिकाणी पत्ताच बदलला गेला, कारण ते स्वस्त पडते. लव्हच्या कालव्यावरची शाळाही अशीच स्वस्त पडली होती.

नरक चतुर्दशीला आपण ज्याच्या वधाची आठवण म्हणून पहाटे कारीट फोडतो आणि स्नान करतो, तो नरकासुर भूमीचाच मुलगा होता, असे पुराणे सांगतात. ही नवी विषे भूमीची मुले नव्हेत. ती आपली आहेत, आणि ती निस्तरायची आहेत तीही आपणच. २००१ साली स्टॉकहोममध्ये झालेल्या करारात राष्ट्रांनी ते मान्य केले. भारतानेही २००६ मध्ये त्याला अनुमती दिली. जुन्या ट्रान्सफॉर्मरांत आणि कपॅसिटरांत राहिलेले पीसीबी गोळा करून २०२८ पर्यंत त्याची नीट विल्हेवाट लावावी, असे त्यात लिहिले आहे. ती मुदत आता जवळ आली आहे. ते तेल एखाद्या खड्ड्यात ओतून वर माती ओढणे आजही सर्वांत सोपे आहे. आणि त्या मातीवर उद्या कोणीतरी शाळा बांधणारच आहे.